सुपाची नवरी

गुरम्मा : न्हाय, न्हाय. आधी साल. साल बोलल्याबिगर मी एक अक्षर सांगायची न्हाय.

पायल : बरं, आज्जी. रेकॉर्डिंगचं यंत्र चालू केलंय. साल दोन हजार अठरा, श्रावण महिना, सोलापूर. समोर गुरम्मा आज्जी, वय चौऱ्याहत्तर. त्यांची सून अपेक्षा. अपेक्षाताईंची मुलगी काव्या, वय सहा, आतल्या खोलीत झोपली आहे. झालं?

गुरम्मा : आणि तू? तू आभाळातनं पडलीस व्हय?

पायल : मी पायल. मूळची वैरागची. हैदराबादच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. काही मुलांचं बोलणं, शिकणं, वाढणं जन्मापासूनच वेगळ्या वाटेनं जातं. ते कशामुळं, हे आम्ही शोधतो. मुलांच्या रक्तात शोधतो, आणि उंदरांत.

गुरम्मा : उंदरांत! ऐकलं का गं अपेक्षा? आमचं भुसाराचं दुकान, यव्वा. पन्नास वर्षं मी उंदरांना पिंजरे लावले. आमच्यात मारत न्हाईत. काव्याचे आजोबा रोज सकाळी पिंजरा घेऊन तळ्यापलीकडं सोडून यायचे. ते घरी पोचायच्या आत उंदीर घरी!

अपेक्षा : अत्ती, त्यांना चहा तरी घेऊ द्या.

पायल : अत्ती म्हणजे?

अपेक्षा : सासू. आमच्यात कानडीतनं तसंच म्हणतात. आणि यव्वा म्हणजे आई, लाडानं पोरीलाही म्हणतात.

गुरम्मा : वैरागची पोरगी एवढी शिकली आणि उंदरं सांभाळती. तुझी आई काय म्हणती?

पायल : शेजारणींना सांगते, आमची पायल कॉम्प्युटरवर काम करते म्हणून.

गुरम्मा : शहाणी हाय तुझी आई.

अपेक्षा : मॅडम, मार्चमध्ये रक्त नेलं होतं तुम्ही. माझं, ह्यांचं, काव्याचं. काय निघालं ते सांगा की.

पायल : सांगते. आपल्या शरीरात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, ताई. एक आईकडून, एक वडिलांकडून. काव्याच्या एका जनुकात, दोन्ही प्रतींत, अगदी एकाच जागी फरक आहे. तुमच्यात आणि बसूदादांत तोच फरक आहे, पण एकाच प्रतीत. एक प्रत नीट असली की माणूस ठणठणीत राहतो. काव्याला दोन्हीकडून बदललेलीच आली. प्रत्येक मुलाच्या वेळी चारातनं एकदा असं होऊ शकतं.

गुरम्मा : म्हणजे दोन पोत्यांत एकेक किडका दाणा होता, आणि दोन्ही एकाच सुपात पडले.

अपेक्षा : माझी पोरगी किडकी नाही, अत्ती.

गुरम्मा : मी दाण्याचं बोलले.

अपेक्षा : मॅडम, एक विचारू? सुईनं होतं का हो असं?

पायल : सुईनं?

अपेक्षा : काव्या पोटात होती. दोन हजार अकराच्या डिसेंबरात चंद्रग्रहण लागलं होतं. मी वाकळेला टाके घालत बसले होते. मला माहीतच नव्हतं ग्रहण आहे ते. अत्तींनी बघितलं. काव्याला पहिला झटका आला त्या दिवसापासून सगळी गल्ली मला तेच ऐकवते. सुई टोचली, पोरीच्या डोक्यात टोचली.

पायल : नाही, ताई. सुईनं नाही, ग्रहणानं नाही. काव्या तुमच्या पोटात यायच्या शंभर वर्षं आधीपासून हा फरक चालत आलेला आहे.

अपेक्षा : अत्ती, ऐकलंत?

गुरम्मा : ऐकलं. मी बहिरी न्हाय.

पायल : पण एक कोडं सुटत नाही, म्हणून मी परत आले. अपेक्षाताईंचा आणि बसूदादांचा जनुकातला फरक नुसता एकसारखा नाही, त्याच्या आजूबाजूचा मजकूरही जुळतो. एकाच पुस्तकाचं पान दोन घरांत सापडावं तसं. असं सहसा एकाच घराण्यातल्या माणसांत दिसतं. तुम्ही तर सांगितलंत, अपेक्षाताईंचं माहेर आणि तुमचं घर यांचा काही संबंध नाही.

गुरम्मा : न्हायच. शपथेवर सांगते. अक्कलकोटच्या पलीकडं खेडं हाय त्यांचं. आमच्यात पूर्वी मामा भाचीला करायचा. माझी आई म्हणजे माझ्या बापाची सख्खी भाची. थोरल्या बहिणीची लेक. पण सिद्धूनंतर बापानं ठरवलं, आता नात्यात द्यायची न्हाय आणि नात्यातली घ्यायची न्हाय. म्हणून बसूला मुद्दाम लांबची केली. चार पोरींच्या पाठीवरचा एकुलता एक, म्हणलं, जोखीम नको.

पायल : सिद्धू म्हणजे हा ना? हा बघा, मागच्या वेळी काढलेला तुमच्या घराण्याचा कागद. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. काळा भरला म्हणजे त्या माणसाला हा त्रास आहे. अर्धा भरला म्हणजे एकच प्रत बदललेली, त्रास नाही.

गुरम्मा : व्हय. तो काळा चौकोन माझा सिद्धप्पा. पाठचा भाऊ. शेचाळीसचा जन्म. कधी एक शब्द बोलला न्हाय, पण पोत्यात हात घालून ज्वारी कुठल्या शिवारातली ते वळखायचा. बार्शीकडची असली की हसायचा. एकोणसत्तर साली गेला. तेवीस वर्षांचा.

पायल : आणि झटके? कधी यायचे?

गुरम्मा : अचानक आवाज झाला की. गड्ड्याच्या जत्रेत दारूकाम उडालं की दातखीळच बसायची. दाराला कडी आपटली तरी.

पायल : आवाजानं? हे मागच्या वेळी नाही सांगितलंत, आज्जी.

गुरम्मा : तू विचारलं न्हाईस. तू फक्त जन्म आणि मरण विचारलंस.

अपेक्षा : काव्याचं पण तेच आहे, मॅडम. कुकरची शिट्टी झाली की संपलं. म्हणून मी कुकर लावायच्या आधी सूप घेते.

पायल : सूप?

अपेक्षा : तिच्या पाठीला पाठ लावून बसायचं. सुपात दोन मुठी ज्वारी घ्यायची आणि हळूहळू घोळत राहायचं. सळसळ, सळसळ. तिच्या पाठीला ते कळतं. मग शिट्टी झाली तरी ती नुसती मान वळवते.

गुरम्मा : ते माझ्याकडनं शिकली ती. आमच्या घरची रीत हाय. सिद्धूला तसंच शांत करायचे.

अपेक्षा : तुमच्याकडनं नाही शिकले, अत्ती.

गुरम्मा : मग कुणाकडनं? अख्ख्या सोलापुरात दुसऱ्या घरात दाखव मला पाठीला पाठ लावून सूप घोळणारी बाई!

अपेक्षा : माझ्या पणजीकडनं. मी लहानपणी रडायला लागले की ती असंच करायची. मी लग्न होऊन आले तेव्हा सूप घेऊन आले होते, आठवतं? तुम्ही हसलात. माहेरून कुणी सूप आणतं का म्हणालात. ते तिचंच आहे. तीनदा बुरुडाकडनं बांधून घेतलंय.

गुरम्मा : आणत न्हाईतच कुणी.

अपेक्षा : ती तर म्हणायची, मी बोहल्यावर पण सूप घेऊन बसले होते. तिच्या सासरच्या गावात तिला शेवटपर्यंत सुपाची नवरीच म्हणायचे.

पायल : बोहल्यावर सूप? का बरं?

अपेक्षा : ते नाही सांगायची. हसायची आणि परत सूप घोळायला लागायची.

पायल : आज्जी? आज्जी, काय झालं? पाणी देऊ?

गुरम्मा : ते यंत्र बंद कर.

पायल : केलं.

गुरम्मा : काय नाव होतं तुझ्या पणजीचं?

अपेक्षा : कमलम्मा. कागदावर आहे की, हा बघा गोल.

गुरम्मा : ते सासरचं. माहेरचं काय?

अपेक्षा : कुणालाच माहीत नाही. माहेरचं कुणी कधी आलं नाही, ती गेली नाही. मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं नवीन नाव लिहिलं, तेव्हा जुनं तांदळाखाली गेलं.

गुरम्मा : सोनव्वा.

अपेक्षा : काय?

गुरम्मा : सोनव्वा. माझ्या बापाची धाकटी बहीण. माझी आत्या.

पायल : पण कागदावर तर... तुम्ही सांगितलंत वडिलांना एकच बहीण होती. थोरली.

गुरम्मा : खोटं सांगितलं. सवयीनं सांगितलं, यव्वा. अडुसष्ट वर्षं आमच्या घरात एकच बहीण होती असंच बोलतात. चालू कर यंत्र. साल बोलू दे आधी. साल एकोणीसशे पन्नास. मी सहा वर्षांची, सिद्धू चार. सोनव्वा सोळाची. सिद्धूला तिनंच वाढवलेलं. सूप तिचंच. माझ्या आईला ते जमायचं न्हाय, तिचा हात घाईचा. सोनव्वाचा हात लई सबुरीचा.

पायल : मग लग्नात काय झालं?

गुरम्मा : वऱ्हाड आलं. ताशे वाजायला लागले आणि सिद्धूला झटका आला. भर मांडवात. नवऱ्याकडची म्हातारी माणसं कुजबुजायला लागली, ह्या घराण्यात वेड हाय. माझा बाप म्हणला, पोराला नेऊन कोठीत कोंडा, लग्न लागूस्तोवर बाहेर काढू नका. कोंडला. आणि सोनव्वा बोहल्याकडं जाता जाता थांबली.

अपेक्षा : थांबली?

गुरम्मा : म्हणली, सिद्धू माझ्या शेजारी बसंल तर मी बसीन. न्हायतर वऱ्हाड परत पाठवा. सोळा वर्षांची पोर, चारशे माणसात! ताशे बंद. बाप लालबुंद. मी अशी दिवा घेऊन हुबी. शेवटी नवराच बोलला. म्हणला, आणा की पोराला, माझं काय जातंय. कोठीची कडी काढली. सोनव्वानं सिद्धूला पाठीशी बसवलं, मांडीवर सूप घेतलं, आणि मंगलाष्टकं व्हस्तोवर हळदीच्या हातानं ज्वारी घोळत बसली. पोरगं हूं की चूं न्हाय.

पायल : आणि मग?

गुरम्मा : पाठवणीच्या येळी बाप म्हणला, तू माझा पाणउतारा केलास, परत ह्या दारात यायचं न्हाय. आणि आमाला म्हणला, तिचं नाव कुणी काढायचं न्हाय. ती सूप घेऊन गेली. सिद्धू वर्षभर दारात बसून होता. आमी नाव न्हाय काढलं. बाप गेला तरी न्हाय काढलं. आत्ता काढलं.

अपेक्षा : म्हणजे माझी पणजी तुमची आत्या.

पायल : म्हणजे हा कमलम्मांचा गोल म्हणजेच तुमच्या वडिलांची बहीण, आणि ही रेघ इथून अशी येऊन इथं मिळते. जुळलं. आज्जी, जुळलं सगळं! आमची टीम पाच महिने डोकं फोडतीय हो हितं.

गुरम्मा : आता कसं वैरागचं बोललीस.

अपेक्षा : तुम्ही नातं टाळायला लांब गेलात, अत्ती, आणि घरातच आलात.

गुरम्मा : व्हय. कमलम्मा विचारली आमी, सोनव्वा न्हाय विचारली. नाव काढलं असतं तर कळलं असतं. म्हणजे हे माझ्याकडनं बी आलं. माझ्या बापाकडनं मला, माझ्याकडनं बसूला. सुईत काय न्हवतं. मी सहा वर्षं तुला बोल लावला.

अपेक्षा : नुसता घरातल्या घरात नाही लावला. गल्लीत लावला. मंदिरात लावला. तुम्ही आत्ता चार भिंतीत सुई काढलीत. बाहेरची कोण काढणार?

गुरम्मा : मीच काढीन.

अपेक्षा : बघू.

गुरम्मा : बघ. आणि पायल, माझा हा गोल बी अर्धा भर. अपेक्षाचा भरलास तसा. घरात एकटीचाच कशाला?

(सहा वर्षांनी. तेच घर, तोच कागद, आता मोठा आणि कडेनं चिकटपट्टी लावलेला.)

गुरम्मा : साल बोललीस का?

पायल : बोलते. साल दोन हजार चोवीस, मार्गशीर्ष. गुरम्मा आज्जी, वय ऐंशी.

गुरम्मा : डॉक्टर पायल, असं म्हण. लाजू नकोस. तुझी आई आता काय सांगती शेजारणींना?

पायल : आता उंदरांचं सांगते. मीठमसाला लावून. म्हणते, माझ्या पोरीच्या उंदरांना एसी आहे.

अपेक्षा : मॅडम, तुम्ही गेल्यावर काय झालं ते ऐकलंत का? अत्तींनी सुया वाटल्या.

पायल : सुया?

अपेक्षा : पुढच्याच संक्रांतीला. मी हळदीकुंकू केलं. वाण काय द्यायचं ते अत्ती सांगेनात. म्हणाल्या, मी आणते. आणि स्वतः दारात पाट टाकून बसल्या. येईल त्या बाईच्या हातात सुयांचं पाकीट. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका!

गुरम्मा : मी विधवा बाई, दारात बसून वाण दिलं. कुणाची बोलायची छाती न्हाय झाली. प्रत्येकीला सांगितलं, ग्रहणात बिनघोर शिवा. माझ्या सुनेच्या सुईत काय न्हवतं, जे होतं ते माझ्या बापाच्या रक्तात आणि माझ्या तोंडात होतं.

अपेक्षा : सत्तेचाळीस पाकिटं. त्या दिवशी मी किती वर्षांनी पोटभर जेवले.

गुरम्मा : आता उंदरांचं सांग, यव्वा. घरी आल्याबरोबर सांगते म्हणलीस आणि चहाच पितीस.

पायल : सांगते. काव्याच्या जनुकात जो फरक आहे, तोच आम्ही उंदरांत केला. पिल्लं झाली. ती खायची, पळायची, पण एकमेकांत मिसळायची नाहीत, नवी वाट शिकायला वेळ घ्यायची. झटके काही दिसेनात. सगळे म्हणाले, उंदरांत हा त्रास येतच नसेल. मला सिद्धप्पांची दाराची कडी आठवली. मी म्हणाले, अचानक घंटा वाजवून बघू.

अपेक्षा : आणि आला?

पायल : निम्म्याहून जास्त उंदरांना आला. तोपर्यंत ह्या जनुकाचा आणि आवाजाचा संबंध कुणी तपासलाच नव्हता, कारण कुणाला विचारलंच नव्हतं. मग मी म्हणाले, अजून एक करून बघू. आधी बारीक सळसळ सुरू ठेवायची, हळूहळू वाढवायची, आणि मग घंटा.

गुरम्मा : उंदरांपुढं सूप घोळलंस?

पायल : सुपाचा आवाज घोळला. अपेक्षाताईंनी फोनवर पाठवला होता ना, तोच. झटके कमी झाले, आज्जी. थांबले नाहीत, पण बरेच कमी झाले. का, ते आता शोधतोय. औषध अजून नाही. खोटं सांगणार नाही.

अपेक्षा : म्हणूनच तिला गाडीची शिट्टी चालते! दरवर्षी दारूकामाच्या दिवशी हे तिला घेऊन कुर्डुवाडीला जातात, नणंदेकडं. मी म्हणायचे, तिथं तर रात्रंदिवस शिट्ट्या. पण गाडी लांबून येते. आवाज आधी बारीक, मग मोठा. काव्या फलाटावर बसून हसते.

पायल : थांबा, हे लिहून घेते. फलाट... हे मी नव्हतं ऐकलं.

गुरम्मा : तू विचारलं न्हाईस. बरं, तुझ्या त्या लेखात आमचं नाव आलं का? सोनव्वाचं तरी?

पायल : "सोलापूरच्या एका कुटुंबाच्या निरीक्षणामुळे" एवढं आलंय. रुग्णाच्या घरच्यांची नावं छापायची नाहीत असा नियम आहे. तुमच्याच भल्यासाठी.

गुरम्मा : म्हणजे परत नाव झाकायचं! अडुसष्ट वर्षं झाकून काय झालं ते बघितलंस की.

पायल : म्हणून तर आले. तो लेख जगाचा. हा कागद तुमच्या घरचा. ह्यावर सगळी नावं लिहायची, माहेरची आणि सासरची दोन्ही. तुम्ही सांगा, मी प्रत्येकाखाली लिहिते.

गुरम्मा : चष्मा दे गं अपेक्षा. लिही. सोनव्वा, सासरची कमलम्मा. दोन हजार नऊ साली गेली. भरल्या घरात गेली. माहेर तिच्याकडं कधी गेलं न्हाय, ते बी लिही. खाली लिही, अपेक्षाची पणजी, गुरम्माची आत्या, एकच बाई.

पायल : सिद्धप्पा?

गुरम्मा : ज्वारी वळखायचा, लिही.

पायल : बसूदादा?

अपेक्षा : दुकान चालवतात. दुकानाच्या शटरला रबर लावलंय, आपटू नये म्हणून. आता मार्केट यार्डातली चार दुकानं तसंच रबर लावून गेली, नुसतं बघून.

गुरम्मा : अपेक्षाची धाकटी बहीण लिही, दानेश्वरी. लग्न गेल्या वैशाखात. दोघांचं रक्त आधी तपासलं. हिच्यात तो दाणा हाय, नवऱ्यात न्हाय. आणि ताटातल्या तांदळावर दानेश्वरीच लिहिलं. जावयानं अंगठी हातात धरून विचारलं, आज्जी, काय लिहू? मी म्हणलं, तिचं नाव तिलाच विचार.

अपेक्षा : आता स्थळं बघायला निघालेली माणसं पत्रिकेआधी हा कागद मागायला येतात, मॅडम. अत्ती दाखवतात, पण चहा आमच्याकडं पिऊनच जायचं अशी अट.

पायल : अपेक्षाताई, तुमच्याखाली काय लिहू?

अपेक्षा : माझं काय... काव्यासारख्या मुलांच्या शाळेत शिकवते आता. नऊ मुलं आहेत माझ्या वर्गात. तिथं पण कोपऱ्यात सूप ठेवलंय.

गुरम्मा : तिच्याखाली लिही, शिवती छान. कुठल्याबी दिवशी.

पायल : तुमच्याखाली?

गुरम्मा : माझ्याखाली काय न्हाय. मी हाय अजून.

पायल : आणि काव्या?

गुरम्मा : मागल्या येळी त्या काळ्या गोलाखाली काय लिहिलंवतंस?

पायल : "बोलत नाही. झटके येतात."

गुरम्मा : ते खोडू नकोस, खरं हाय ते. त्याच्याखाली लिही. गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीत पडले, मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यातनं घरी आणलं तर झोप न्हाय. दाराची कडी वाजली तरी जीव घाबरायचा. चौथ्या दिवशी दुपारी कोणतरी येऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसलं. मला वळता येईना. मला वाटलं अपेक्षा असंल.

अपेक्षा : मी शाळेत होते.

गुरम्मा : मग सळसळ सुरू झाली. लई सबुरीचा हात, यव्वा. तसा हात मी चौऱ्याहत्तर वर्षांनी ऐकला. कुणी सांगितलं न्हाय तिला, कुणी बोलावलं न्हाय.

पायल : मग काय लिहू, आज्जी?

गुरम्मा : लिही. काव्या, वय बारा. सूप आता तिच्याकडं हाय.